सि ला रे चालत नाही

बोरिवलीला टायरच्या दुकानावर, माळ्यावर,
आठवड्यातून तीन संध्याकाळी
मी फ्रेंचमधलं जर-तर शिकवते.
खाली पंक्चर, वर व्याकरण.
दोन्हीकडे आधी बघायचं, बुडबुडा कुठून येतो.

सातजण आहेत. सगळ्यांना कॅनडासाठी गुण हवेत.
वसईची ग्लॅडिस डाबरे, आयसीयूत नर्स,
रात्रपाळीआधी डबा घेऊन येते.
हनीफ चौगुले लिफ्ट दुरुस्त करतो,
त्याच्या वहीच्या कोपऱ्यांना ग्रीसचे अंगठे.

फळ्यावर सांगते:
धड भविष्याचं घ्या,
शेपूट भूतकाळाचं लावा.
ग्लॅडिस म्हणते, "म्हणजे टीचर, होणार होतं.
होणार, आणि होतं."
सव्वीस वर्षं शिकवतेय.
मला हे सुचलं नव्हतं.

मग अदब. ज व्हुद्रे अं काफे.
कॉफी हवी आहे असं नाही म्हणायचं,
हवी असती, म्हणायचं, दुकानदाराला पळवाट ठेवून.
हनीफला हसू येतं, मग आठवतं,
आपणही परक्या दारात म्हणतोच की,
जरा काम होतं.
होतं कसलं, आहे!
पण 'आहे' म्हटलं की दार अर्धं लोटलं जातं.

बातमीतही हेच रूप येतं, जिथे खात्री नसते:
मंत्री आजारी असतील, करार झाला असेल.
याला मराठीत एकच शब्द पुरतो, मी सांगते,
म्हणे.
सगळे एकदम लिहून घेतात.

आत्याबाईच्या मिशाही त्यांच्याकडे आहेत.
मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं,
तिथेही अगदी हेच म्हणतात.
त्या दिवशी वर्ग इतका हसला
की खालून पाना आपटून विचारणा झाली.

आता नियम, परीक्षेत हमखास येणारा:
सि ला रे चालत नाही.
सि म्हणजे जर. रे म्हणजे ते शेपूट.
जर च्या घरात साधा भूतकाळ राहतो,
रे ने पलीकडच्या खोलीत थांबायचं.
हनीफ दर वेळी दोन्हीकडे रे लावतो.
मी दर वेळी लाल गोल करते.
"पण टीचर, आपल्यात दोन्हीकडे लागतं ना?
पैसे असते तर घेतलं असतं.
एकानेच का झुरायचं?"
उत्तर नव्हतं. पुढचा स्वाध्याय दिला.

पाच वाक्यं करून आणा, म्हटलं होतं.
ग्लॅडिसने एकच आणलं.
सात नंबर बेडच्या मुलाने विचारलं तिला,
आईला काल रात्रीच आणलं असतं तर?
तिने सांगितलं, काही बदललं नसतं.
वाक्य बरोबर होतं, शेपूट जागच्या जागी.
खाली मराठीत, पेन्सिलीने, बारीक:
टीचर, हे खोटं होतं.
खोट्यासाठी वेगळं रूप आहे का?

खूप पुस्तकं पाहिली त्या रात्री.
नाही. तेच रूप वापरायचं.
धीर द्यायला, थाप मारायला, कॉफी मागायला.

मला एकदा पत्र आलं होतं, ग्रनोबलहून,
शिष्यवृत्तीचं, निळ्या शिक्क्याचं.
ते का राहिलं, इथे लिहीत नाही.
कारण साधं आहे, आणि माणूस अजून हयात आहे.
मी फार तर पाँडिचेरीपर्यंत गेले,
तिथे पाव घेतला, दुकानदार तमिळ बोलला.

आज वर्ग सुटल्यावर खालचा पोऱ्या
हवा भरता भरता कुणाला तरी हाक मारत होता:
येतोस का रे, थांबू का रे.
त्याचा रे अगदी आमच्या शेपटासारखा.
मी जिन्यात थांबले.
मग वर जाऊन दिवा लावला,
हनीफच्याच वहीचं मागचं पान उघडलं
आणि एक वाक्य लिहिलं, माझं.
दोन्हीकडे रे.

लाल पेन हाताशी होतं.