लुसेरोंच्या व्याह्यांसाठी बाटली

शनिवारी दुपारी युसेबियो लुसेरो दुकानात आले,
काखेत फॉइलचं पुडकं, अजून गरम,
म्हणाले, ओफेलिया, सगळ्यात महागडी लाल दे.
काळपट असेल, जड असेल अशी.
बाटलीचं बूडसुद्धा खोल असेल अशी.

व्याही यायचे होते, ओरेगॉनहून.
स्वतःचे द्राक्षमळे असलेले व्याही.
ग्लास हातात आला की आधी नाक बुडवणारे,
मग बराच वेळ काही न बोलणारे व्याही.

मी विचारलं, खायला काय?
त्यांनी पुडकं सोडलं.
भरल्या हालापेन्यो मिरच्या, बियांसकट.
बिया काढायच्या तर माणसानं ढोबळी खावी, हे त्यांचं मत.
आत चीज, वर चीज,
कडेला ओघळून करपलेलं चीज,
आणि ते करपलेलंच आधी मोडून खायचं असतं
हे सोकोरोत शेंबडं पोरही जाणतं.

बाहेर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये
जाळीचं पिंप फिरत होतं, खाली गॅसची ज्वाला,
हिरव्या मिरच्या तडतडत सालं टाकत होत्या.
सप्टेंबरात आमच्याकडे
दोरीवरचा टॉवेलसुद्धा खमंग होऊन घरात येतो.

मी म्हटलं, लाल नको.
ही रीसलिंग न्या. जर्मन. जराशी गोड. चांगली गार करा.

गोड?
गोड वाइन माझी आत्या प्यायची,
शिवणयंत्राच्या खणात लपवून.
ती ठेवू व्याह्यांपुढे?

अकरा वर्षं या गल्ल्यामागे उभी राहून एवढं शिकले:
मिरचीवरून इथल्या माणसाशी वाद घालू नये.
दोन ग्लास काढावेत.

आधी लाल.
त्यांनी मिरचीचा तुकडा तोडला, वर मोठा घोट घेतला.
कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात झाली.
तुरटपणानं जीभ आधीच खरवडलेली,
त्यावर अल्कोहोल, म्हणजे आगीत तेल,
साडेचौदा टक्के तेल.
छत्तीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळलेला माणूस,
लाल म्हणजे थांबा, हे मी काय सांगावं?
दमदार आहे, ते म्हणाले, डोळे पुसत.

मग दुसरा तुकडा, दुसरा ग्लास.
ताप बघायला कपाळावर कुणी हात ठेवावा
तसा गोडवा जिभेवर टेकला.
मागून आंबट धार आली, चीजचा राप धुऊन गेली.
मिरची विझली नाही.
ओरडायची थांबली, आणि बोलायला लागली:
धूर, कच्चं गवत,
नदीकाठच्या शेतातली सकाळची माती.

लुसेरो बराच वेळ गप्प होते,
थेट व्याह्यांसारखे.
मी तोंड मिटून ग्लास पुसत राहिले.

चार बाटल्या नेल्या.
आणि ती लालही नेलीच,
टेबलावर दिसायला बरी, म्हणून.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच दारात.
काय झालं?

व्याह्यांनी लालच उचलली, ओफेलिया.
लेबल वाचलं, नाक बुडवलं, मान डोलावली,
मग अख्खी मिरची तोंडात.
गार बाटली माझ्या हातातच होती.
मी एक मिनिट थांबलो.
एकच मिनिट.
मारिसेला माझ्याकडे बघत होती.
मग ओतली.

आणि?

आणि काय. त्यांनी स्वेटर काढला.
सात मिरच्या खाल्ल्या.
आत्याची गोष्ट मी सांगितली नव्हती, तीही सांगितली.
त्यांची आजी म्हणे पिठाच्या डब्यात लपवायची.

मग खिशातून बूच काढून गल्ल्यावर ठेवलं:
ती लाल अर्धी उरलीय. परत घेतेस?

उघडलेली नाही घेत.

बरं, ते म्हणाले. राजम्यात घालतो.