तीन बोटं

सहाव्या महिन्यात पहिला दात, खालचा, मधला.
सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ.
दुधाच्या कुणालाही न ढकलता ती मागून गुपचूप येते,
म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते
आणि खुशाल किडू दिली जाते.
हे दरवर्षी विचारतात. रिदाहुन, खाली रेघ मार.

पहाटेचे चार. शिलाँगची थंडी.
लाइतुमख्राहच्या चढावरची खोली,
शेगडीतला कोळसा राखेखाली लाल,
भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या,
ओलीनं कोपरे सुटलेल्या.

इनॅमल: शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू.
पण घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात,
नंतर डागडुजीला कुणी येत नाही.
पीएच साडेपाचच्या खाली उतरला
की ही सगळ्यात कठीण वस्तू विरघळू लागते.

आणि जन्मरेषा.
मूल जगात येतं त्या दिवसाची एक बारीक रेघ
दुधाच्या दातांत उमटते,
पहिल्या पक्क्या दाढेतही.
म्हणजे माझ्या दाढेत तो दिवस अजून आहे.
मेई सांगते, त्या दिवशी दुपारपर्यंत
ती बाजारात बसून होती, गिऱ्हाईक होतं म्हणून.

पलीकडे ती उठलीच.
आधी सुरीचा आवाज, मग तिचा.
ओली सुपारी, वासाची, चार फाका,
पानाला चुना, बोटानं, न बघता.
इउदुहमध्ये तिची टोपली अठ्ठावीस वर्षं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आमचं भरलं,
लोकांच्या दाढांखाली जे गेलं त्यावर.
माझी फीसुद्धा त्यातूनच गेली,
सुट्ट्या नाण्यांत. क्लार्क मोजताना वैतागला होता.

प्रश्न एकशे बारा.
सुपारीतलं कोणतं द्रव्य?
ॲरेकोलिन. झोपेतही सांगेन.
गालाच्या आत कोलॅजन साचत जातं, झिजत नाही.
सुरुवात जळजळीनं, तिखट सोसत नाही.
मग गाल आतून पांढुरके, संगमरवरासारखे.
मग ताठ दोऱ्या, बोटाला लागणाऱ्या.
तोंड किती उघडतं याचं सोपं माप:
ज्याची त्याची तीन बोटं, एकावर एक.

नाताळापासून मेई
तुंगतापची चटणी ताटाच्या कडेला सारते.
मला वाटलं, वय.

आमच्यात माणूस गेला की म्हणतात,
देवाच्या घरी क्वाय खायला गेला.
याच्यापुढे अ, ब, क, ड
काहीच लिहिता येत नाही.

वही मिटत नाही, पालथी ठेवते.
मेई, बोटं घाल बघू तोंडात. तीन.
ती हसते. चुन्याचा हात जाइनसेमला पुसते.
एक.
दोन.
तिसरं ओठापाशी घुटमळतं, दारात उभ्या पाहुण्यासारखं.
"थंडी आहे," ती म्हणते,
"उन्हं आली की उघडेल."

दातखीळ बसते ती माझी.

परीक्षेला अकरा दिवस.
ती माझ्या हातात एक विडा ठेवते, रोजच्यासारखा,
अभ्यासाला ऊब लागते म्हणून.
मी तो मुठीत धरून ठेवते.
खाली टॅक्सीवाला ओरडतो, इउदुह, इउदुह,
आणि ती टोपली कमरेवर घेऊन
जिना उतरू लागते, एकेक पायरी, बाजू धरून.

मी नवी चिठ्ठी फाडते.
तारीख घालते. उत्तर लिहिते:
दोन बोटं. आणि थोडं.