प्रायमरच्या आधी

नऊ हजार चारशे आहेत, मी म्हटलं, भिशीचे.
यात एक भिंत आणि छत बसेल का?
गालाशेठनी वहीतून मान वर न काढता विचारलं,
ओल वरून येते की बाजूनं?

कन्नमवार नगरात हा प्रश्न
तब्येतीच्याही आधी विचारतात.
मला सांगता येईना.
अकरा वर्षं मी त्या डागाकडे बघतेय.
आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा,
आता पंख्याच्या शेजारी सुपाएवढा,
कडेला पिवळी झालर.
पण तो येतो कुठून
हे विचारायला जिना चढावा लागला असता.

सल्ले आमच्या मजल्यावर फुकट मिळतात.
जाऊ म्हणाली, वॉलपेपर चिकटव,
साडेतीनशेला रोल, विटांची डिझाइन.
सेक्रेटरी म्हणाले, कशाला पैसे घालता,
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच.
त्यांचे वडील सेक्रेटरी होते
तेव्हा तेही हेच म्हणायचे.

मग मुश्ताक पेंटर आला.
शिडीवर चढून नखानं पापुद्रा उचकला.
खाली पडला आमचा अबोली,
त्यामागून सासूबाईंचा पिस्ता,
त्यामागून म्हाडाचा चुना,
आणि मग नुसती ओली वाळू,
चहात बुडालेल्या बिस्किटासारखी.
बोट पँटला पुसत म्हणाला,
रंग लावू शकतो, ताई. पैसेही घेऊ शकतो.
दिवाळीत पुन्हा बोलवाल, शिव्या द्यायला.
आधी वर जा.

वर मोंडकर राहतात.
वाळत घातलेल्या चादरीच्या पाण्यावरून
सासूबाई आणि त्यांची बायको एकदा जे बोलल्या,
त्या दोघी आता नाहीत,
बोलणं मात्र जिन्यात तसंच पडून होतं.
त्याला ओलांडून गेले.

तोंडात वाक्य तयार होतं, सोसायटीच्या नियमासकट.
त्यांनी न विचारताच मोरीचा दिवा लावला.
जाळीभोवतीचं सिमेंट उडालेलं,
तीन लाद्या दातांसारख्या हलत्या,
आणि मधोमध
गवंड्याचं असतं तसलं काळं घमेलं.
ह्यात बसान न्हातंय, ते म्हणाले.
पाणी तुमच्याकडे उतारता मां.

किती वर्षं, ते मी विचारलं नाही.
घमेल्याच्या काठाला
धरून धरून पांढरी झालेली जागा होती.

गालाशेठकडे परत गेले ती वेगळे प्रश्न घेऊन.
जुनी लादी न फोडता वरून नवी बसते का?
व्हाइट सिमेंट किती लागेल?
गवंडी अर्ध्या दिवसाला येतो का?
(येतो. पैसे पूर्ण दिवसाचे घेतो.)
म्हातारा माणूस घसरणार नाही
अशी लादी कुठली?
आता त्यांनी मान वर केली.
खडबडीत घ्या. दोन बॉक्स उरलेत,
रंग वेगवेगळे. चालेल?
चालेल.
भिंतीला धरायच्या हँडलचे एकशे साठ वेगळे.

पाच हजार सातशे वर गेले.
मोंडकरांनी दोन हजार दिले, औषधांच्या डब्यातले,
बाकीचे महिन्याला पाचशे देतंय म्हणाले.
मी हो म्हटलं. मग नको म्हटलं.
मग पुन्हा हो, कारण त्यांचा चेहरा पाहिला.

जाऊ विचारते, मग रंग कधी?
मुश्ताक म्हणतो, सुकू दे,
स्लॅबला घाई कळत नाही.
उरलेल्यात छत होईल,
भिंत पुढच्या भिशीत.

सकाळी सातला आता वरून आवाज येतो,
तांब्यामागून तांब्या, मोकळा.
चहा गाळता गाळता मी वर बघते.
डाग आहे तिथेच आहे.
कडेची झालर जराशी सुटलीय,
ओढली तर निघेल.
शेडकार्ड फ्रिजवर लावलंय.
अबोली मिळत नाही आता त्यात,
म्हणजे रंग आहे,
नाव काहीतरी दुसरंच दिलंय.