सूतभर

डावा दंड. खांद्याचं हाड आणि कोपर, त्यांच्या बरोबर मध्ये.
पट्टी कातडीला टेकवायची, रुतवायची नाही.
एकशे पंधराच्या आत तांबडा.
तांबड्याला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं,
आठवड्याची, मोजून.
पिवळ्यांचं पीठ अंजामेनाहून निघालंय
असं आम्ही सहा आठवडे सांगतोय.

बाजरीच्या ताटांचा मांडव. वारा उठला की
रांगेतल्या बायका एकदमच
पोरांच्या तोंडावर सोगा ओढतात.

याकुरा तिसऱ्यांदा आली,
दोन दिवसांची वाळू तुडवत.
मांडीवर मल्लूम. वय विचारलं तर
मागच्या पिकाच्या आधीच्या पिकाचा.
एकशे अठरा.
पिवळा, मी म्हणाले.

ती म्बोदूशी कानेम्बूत काही बोलली.
एरवी तो लगेच फ्रेंच करून देतो.
आज त्यानं पेनाला टोपण लावलं,
काढलं.
विचारतेय, अजून किती बारीक व्हायला हवा?
म्हणजे तेवढा झाला की आणते.

माझे वडील सुतार होते.
आठ सूत म्हणजे इंच, कानावर पेन्सिल.
सूतभर चुकलं की दार लागत नाही, म्हणायचे,
आणि नाहीच लागलं तर
गिऱ्हाइकाच्या घरी जेवणवेळेला जाऊन
मुकाट्यानं रंधा मारायचे.
एकशे अठरातून एकशे पंधरा गेले
की उरतं साधारण एक सूत.

मी पट्टी ओढली.
पोर रडलं नाही.
(न रडणं वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं.)
खिडकीत एकशे चौदा आलं.
म्बोदूनं तेच लिहिलं, गिरवून,
आणि याकुरानं आभार मानले नाहीत,
नुसती पाकिटं मोजली, दोनदा.

जुलैअखेर मुख्यालयाचं पत्र:
आपल्या केंद्रात एकशे चौदाची गर्दी
अस्वाभाविक वाटते.
मोजणाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावं.

मोजणाऱ्यांना. म्हणजे मी एकटी नव्हते.

दिलं. कडुलिंबाखाली सात जण, सात पट्ट्या,
सरावाला पाण्याच्या नळीचे तुकडे.
टेकवायची, रुतवायची नाही, मी म्हणते.
म्बोदू तेच कानेम्बूत सांगतो.
त्याला माझ्यापेक्षा
जरा जास्त वेळ लागतो.