चढा गंधार

मिशन हॉस्पिटलच्या चॅपलमधला पियानो
पहिल्यांदा उघडला, तेव्हा आत उंदरीचं बाळंतपण झालेलं.
हातोड्यांच्या लोकरी टोप्या कुरतडून
तिनं अंथरूण केलं होतं पिलांना.
मी मिरजेचा सतारीचा माणूस. भोपळा, तूणकाठ, जवारी.
सात पिढ्या वगैरे नाहीत, तीनच. पण कान तयार.
म्हटलं, करून बघतो.
जतच्या एका धनगराकडनं काळं घोंगडं घेतलं,
कातरून कातरून टोप्या शिवल्या.
तेव्हापासून त्याच्या मधल्या सप्तकाला
जरासा मेंढरांचा वास आहे.

वॉर्डबॉय उबाळ्यांची सालोमी तेव्हा नऊ वर्षांची.
पाय पेडलला पोचायचे नाहीत.
उरलेल्या तूणकाठाचे दोन ठोकळे बसवून दिले मी.
सूर लावायला बसलो की शेजारी उभी,
श्वाससुद्धा हळू घ्यायची.
मी गंधार लावला. खरा.
तानपुऱ्यातनं कुणी न छेडता उमटतो, तो.
पोरगी म्हणाली, "काका, या घरात गोड आहे,
पण शेजारच्या घरात गेलं की कुत्रं भुंकतंय."

मग बाईंकडचं पुस्तक आणून वाचून दाखवलं तिनं:
प्रत्येक गंधार थोडा चढा ठेवायचा,
प्रत्येक पंचम केसभर उतरता,
म्हणजे बाराही घरं नांदतात.
"म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं खोटं बोलायचं?"
"हो काका. पण सारखंच."
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढं पुणं. मग लाइपझिग.
पाकिटातनं कार्यक्रमाचे कागद यायचे,
मला त्यातलं तिचं नाव तेवढं वाचता यायचं.
एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत गेली.
परीक्षक म्हणाले, मधे फार थांबतेस.
तिनं लिहिलं: थांबत नव्हते, काका,
तार विझायची वाट बघत होते.
उबाळे वारले तेव्हा ती कुठल्याशा बर्फाच्या गावात,
मध्यंतरात फोन आला.
उरलेला अर्धा वाजवला. लोक उभे राहिले.
एवढंच लिहिलं होतं. खाली सहीसुद्धा नव्हती.

बावीस वर्षं.
मग उजव्या हाताची अनामिका
आपणहून मिटायला लागली.
दुखत नाही, म्हणाली, फक्त ऐकत नाही.
तिकडच्या डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं.
आता अनामिकेला नाव देऊन काय होतंय?

गेल्या मे महिन्यात आली. एक बॅग.
दुकानात बसली, भुशातच.
माझी बोटं बघितली, तारेनं चिरलेली,
स्वतःचा हात पदरात घेतला, असा,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.
"काका, तो पहिला गंधार लावून द्या.
पांढरी एकचा सा धरा.
बाकीची घरं पडू देत."

दीड दिवस लागला. त्यात लाईट गेलेली.
ती वाजवायला बसली, नऊ बोटांनी,
अगदी सावकाश, त्या एकाच घरात
भिंतींना हात लावत फिरल्यासारखी.
बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजत होती.
मी सतारीवाला, मला त्यातलं काय कळणार?
पण तो गंधार लागला की
खिडकीची काच तेवढी बोलायची.

मधेच सवयीनं हात शेजारच्या घरात गेला.
कुत्रं भुंकलं.
ती हसली, मोठ्यानं, नऊ वर्षांच्या पोरीसारखी,
आणि बोटं उचललीच नाहीत.
तो सूर पार विझेपर्यंत
आम्ही दोघं तिथंच.

रविवारी उपासनेत रणभिसे मास्तर फार चिडले म्हणे,
स्तोत्र दुसऱ्या पट्टीतलं होतं.
सोमवारी गेलो. सगळे गंधार चढवून आलो.
मास्तरांनी तीनशे रुपये पुढं केले.
घेतले.