सैल झाकणं

आज वारा उत्तरेचा.
रेडिओवर नंतर सांगतील, मला पहाटे चारलाच कळलं
डाव्या खांद्यातून, मग मांड्यांतून,
मग ज्या जागांना नावंही नाहीत तिथून.
आठ तास झोपले होते, घड्याळ साक्षीला आहे.
उठले ती रात्रभर धक्क्यावर पेट्या उचलल्यासारखी.

लोकरी जाकिटाला सात बटणं.
तीन लावते.
हुसाविकमध्ये कुणी मोजत नाही.

बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
कॉडच्या तुकड्यांतले काटे काढले मी,
उजेडाच्या टेबलावर.
खालून दिवा, वर पांढरं मांस,
असला काटा तर दिसणारच.
माझंही अंग तसंच धरून पाहिलं त्यांनी अकुरेरीला,
रक्त, एक्स-रे, घणघण वाजणारी ती लांब नळी.
काटा नाही.
'सगळं नॉर्मल आहे, स्टेनुन.'
चार वर्षं नॉर्मल.

मग हिल्डिगुन्नुर नावाची एक तरुण डॉक्टर
अंगठ्याने दाबत गेली
मान, कोपर, गुडघ्याची आतली बाजू,
स्वतःचं नख पांढरं होईतो.
सोळाव्या जागी मी तिला शिवी दिली.
ती म्हणाली, पुरे, आणि दुखण्याचं नाव लिहून दिलं.
गाडीत बसून रडले मी त्या कागदावर.
इतकी वर्षं पैसे भरत होते,
आज कुणी पावती फाडली.

शब्दही जातात.
काल बटाटे उकडले आणि ते भांडं,
ते भोकांचं, पाणी गाळायचं…
फोनवर एरुन, माझी लेक, थांबून राहिली.
तिने सांगितला नाही, शहाणी आहे.
रात्री जिन्यात, एका पायरीवर टेकले होते, तेव्हा आला :
चाळण!
मांजराला सांगितला.

सकाळी सातला गरम कुंडात.
बाहेर उणे सहा, आत एकोणचाळीस,
केसांवर बर्फ धरतो.
म्हातारा बाल्ड्विन सरकारला शिव्या घालतो,
आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात मान डोलावतो.
वीस मिनिटं मला वजन नसतं.
मग शिडी, आणि शेवटच्या पायरीवर
माझं शरीर उभं असतं
टॉवेल घेऊन, माझी वाट बघत.

सोल्वेग विचारते, कशी आहेस?
बरी.
बरी म्हणजे बरी झालेली नव्हे, सोल्वेग.
बरी म्हणजे दूध आणायला गेले आणि परत आले.

सगळ्यात वाईट चांगला दिवस.
मे महिन्यात असाच एक आला,
कुठेच काही दुखेना, मला भीतीच वाटली.
घराच्या सगळ्या खिडक्या धुतल्या,
हिवाळ्याचं मीठ खरवडलं,
वर केकही केला, कुणी मागितला नव्हता.
पुढचे पाच दिवस पडद्याआड.
पाय चादरीचंही ओझं सोसेनात.

आता अर्धी खिडकी धुते.
घड्याळ लावून, बारा मिनिटं,
आणि हात म्हणत असतो अजून थोडं, एवढंच तर राहिलंय,
तेव्हाच फडका खाली ठेवते.
जमत नाही नेहमी.
कारखान्यात वाढलेली बाई मी,
अर्धं टाकलेलं काम डोळ्यात सलतं,
आणि अर्ध्या काचेतून उपसागर स्वच्छ दिसतो
नि अर्ध्यातून धुक्यात.

आसब्योर्न काल बोटीवर गेला, तीन दिवसांसाठी.
माझ्या दुखण्यावर तो कधी बोललेला नाही.
सुरुवातीला वाटायचं, खरंच वाटत नसावं त्याला.
हेरिंगची बरणी, जॅम, कॉफी, माझ्या गोळ्यांची बाटली,
सगळ्यांची झाकणं तो सैल करून जातो.
एकदा फ्रीजमध्ये बीटचं लोणचं सांडलं त्यापायी,
तीन कप्पे लाल,
मी पुसत पुसत त्याच्या नावाने बोटं मोडली
(मोडत नाहीत आता नीट),
आणि दुपारी तो फोनवर म्हणाला, जेवलीस?

कपाट उघडते.
वारा अजून उत्तरेचाच.
कॉफीच्या डब्याला नुसतं बोट लावते,
झाकण फिरतं.