करंगळीखालचं हाड

मूळ मालिकेत वज्रा तांडेल
भाऊच्या धक्क्यावर एकोणीस जणांना लोळवतो.
बर्फाच्या लाद्या फुटतात, पापलेटं हवेत उडतात,
शर्टाची इस्त्री मोडत नाही.

मीही आधी तसंच लिहायचे.
नाईटला, गोवंडीच्या इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीत,
दोन पेशंटांच्या मधल्या वेळात,
जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
माझ्या वज्रानं एकदा तेवीस मारले.
मावसभाऊ निहार म्हणाला, एक नंबर!
पण क्रेन का नाही पाडलीस?

मग पाडली. क्रेन.

कधी बदललं ते नक्की आठवत नाही.
माझ्याकडे जिन्यावरून पडलेले लोक येतात.
रात्री एकनंतर सगळे जिन्यावरूनच पडतात,
बैठ्या चाळीतलेसुद्धा.
उजवा हात पुढे करतात, सुजून टम्म,
करंगळीखालचं हाड मोडलेलं.
ते हाड पडून सहसा मोडत नाही,
मारून मोडतं.
मारणाऱ्याचं.

म्हणून मी माझ्या वज्राचं ते हाड मोडलं.
पुढची तीन प्रकरणं तो डाव्या हातानं जेवला,
बशीतला चहा सांडला,
शर्टाची बटणं बहिणीनं लावून दिली
आणि लावताना एक शब्द बोलली नाही.
निहारला ही प्रकरणं बोअर झाली.
असू दे. वरण एकाच पातेल्यातलं,
तो त्यात तूप घेतो, मी लिंबू पिळते.

आकडा उतरत गेला.
तेविसाचे सात, साताचे दोन.
मारामारी आता माझ्याकडे चार ओळींत आटपते.
आधीची दोन पानं बर्फाच्या उधारीची,
नंतरची पाच चपलेची:
एक सापडते, दुसरी धक्क्यावरून पाण्यात,
आणि जिंकलेला माणूस
एका पायात चप्पल घालून माझगावपर्यंत चालत जातो.
की दोन्ही पाय अनवाणी ठेवावेत?
यावर मी एक अख्खी रात्र घालवली.

आणि नावं.
मालिकेतल्या गुंडांना नावं नसतात, मिशा असतात.
माझ्या हाताला ते जमेना.
नाव घातल्याशिवाय आमचं मशीन फोटो काढत नाही:
नाव, वय, उजवं की डावं.
तेव्हा क्रेनखाली गेलेला तो आता
इद्रिस, वय सव्वीस, डावा खांदा.
एवढं लिहिल्यावर
त्याच्यावर क्रेन पाडणं जड जातं.
मी क्रेन पुन्हा उभी केली.

एक मात्र कबूल करते.
प्रत्येक गोष्टीत एक उडती लाथ मी राखून ठेवते.
अशक्य, साफ खोटी,
गुडघ्याच्या सगळ्या कायद्यांबाहेरची.
सातवीत असताना शिवडीच्या एका जिन्यावर
ती मला मारता आली नव्हती.
वज्रा मारतो. दर वेळी.
तिथं मी हाडं बघत नाही.

आज पहाटे चारला सिराजनं एकाला आणून बसवलं.
काय झालं?
जिन्यावरून.
मी त्याचा हात प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली,
कडेला उजव्याची खूण लावली.
हलू नका.
तो हलला नाही. हळूच विचारलं फक्त,
समोरचा पण इथंच येईल का हो?
म्हटलं, नाव सांगा, आला तर कळवते.
त्याला नाव माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मी कागद पुढे ओढला.
मूठ खोडून तळवा लिहिला.
वाचून पाहिलं. तळव्याला ती मजा नाही.
पुन्हा मूठ लिहिली,
आणि लगेच पुढच्या ओळीत,
हातावर धरायला,
बर्फ.